ओहळात सापडलेला मृतदेह: सत्तरीतील एका तपासात कोणी काय पाहिले

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरचे, म्हणजे गावातल्या एका वस्तीवरचे, आहे. माणसांची ओळख पटू नये म्हणून वये, नाती आणि जागेच्या खुणा बदलल्या आहेत. ऋतू मात्र तोच ठेवला आहे, कारण पावसाने या तपासात बरेच काही ठरवले. तपास आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणारी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यानंतरची ही घटना. न्यायवैद्यक शिकवताना मी हे प्रकरण विद्यार्थ्यांपुढे ठेवतो. त्यासाठी सगळे कागद वाचले आणि पथकातील बहुतेकांशी सविस्तर बोललो.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊन आठवडा उलटला होता. शेतात भाताचे दाणे भरत होते, कुळागरांत, म्हणजे माड-पोफळीच्या बागांत, पाणी खेळत होते आणि रानडुकरांचा रात्रीचा उपद्रव ऐन भरात होता. पन्नाशीचा एक शेतमजूर, माडावर चढणे आणि सुपारी उतरवणे हे त्याचे काम, शेजारच्या वाड्यावर अकरा दिवसांच्या गणपतीपुढे भजनाला गेला. रात्री नऊच्या सुमारास तो तिथून निघाला, पण घरी पोचला नाही. सकाळी साडेसहाला कुळागराच्या कडेने वाहणाऱ्या ओहळात, गुडघाभर पाण्यात, तो पालथा पडलेला दिसला.

गावकऱ्यांनी त्याला उचलून काठावर उताणे ठेवले. कुळागराच्या मालकानेच पोलिसांना फोन केला. पोलीस पावणेआठला पोचले, तोवर गावाचे मत पक्के झाले होते: अधूनमधून घोट घेणारा माणूस, काळोख, शेवाळलेली वाट, पाय घसरला. पंचायत सदस्य उपनिरीक्षकांना म्हणाले, "सायबा, सणाचे दिवस आहेत. दुपारपर्यंत प्रेत घरच्यांच्या ताब्यात मिळेल असं बघा."

या बोलण्यात मला कपट दिसत नाही. गोव्यात पावसाळ्यात ओहळ, विहिरी आणि तळी दर वर्षी माणसे घेतात. गावकऱ्यांनी पूर्वी जे पाहिले होते, त्यावरून त्यांनी अंदाज बांधला.

पेच कुठे होता

ठाण्याचे हवालदार मुरलेले. मरणोत्तर पंचनामा लिहिताना त्यांनी मृतदेह कुशीवर वळवला. पाठीवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला जांभळट रंग उतरला होता. त्यांनी अंगठा दाबून पाहिला, रंग फिकट होत नव्हता. छातीवरही तसाच रंग होता, पण अगदी पुसट. नाकातोंडाशी फेस नव्हता. पायात एकच चप्पल होती.

मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते आणि रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साचते. हा रंग अर्ध्या-एक तासात दिसू लागतो आणि साधारण सहा ते बारा तासांत पक्का होतो. पक्का होण्याआधी शरीर उलटे केले तर तो नव्या बाजूला सरकतो. अर्धवट पक्का झाला असेल तर जुन्या बाजूला गडद आणि नव्या बाजूला पुसट, असा दुहेरी दिसतो. काठावर उताणा ठेवून जेमतेम सव्वा तास झाला होता. तेवढ्यात पाठीवर न हटणारा रंग उतरत नाही. म्हणजे हा माणूस मेल्यानंतर बराच वेळ कुठेतरी उताणा पडला होता आणि त्यानंतर पालथा झाला होता. मेलेला माणूस आपण होऊन पालथा होत नाही.

हवालदारांनी यातले काहीही अनुमान म्हणून लिहिले नाही. "पाठीवर जांभळट रंग, अंगठ्याने दाबला असता जात नाही, छातीवर तसाच रंग, पुसट" एवढेच त्यांनी नोंदवले. घाईत असा रंग "पाठीवर माराचे वळ" म्हणून लिहिला गेलेला मी इतर पंचनाम्यांत वाचला आहे, आणि त्या एका शब्दाने तपास भलतीकडे जातो. पण याच पंचनाम्यात खाली एक ओळ आहे: "डाव्या नडगीवर खरचटल्याची रेषा." इथे वर्णन संपून निष्कर्ष सुरू झाला. रेषा किती लांब, कोणत्या रंगाची, कडा कशा, हे लिहिलेच नाही. त्याच माणसाने, त्याच तासाभरात, एका खुणेकडे नुसते पाहिले आणि दुसरीचा अर्थ लावून टाकला. विद्यार्थ्यांना मी या दोन ओळी शेजारी ठेवून दाखवतो.

समोर असलेले पर्याय

उपनिरीक्षक वयाने तरुण होते. त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या.

पहिली सर्वांत सोपी. संहितेच्या कलम १९४ खाली अनैसर्गिक मृत्यूची नोंद करायची, बुडून मृत्यू असा अंदाज लिहायचा, शवचिकित्सा उरकायची आणि मृतदेह सोपवायचा. दुसरी वाट म्हणजे मृतदेह बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यायवैद्यक विभागाकडे, पाठवायचा आणि त्यांचे मत आल्यावर जागेचे काय ते पाहायचे. तिसरी वाट होती जागा तशीच अडवून ठेवून न्यायसहायक प्रयोगशाळेच्या पथकाला लगेच बोलावण्याची.

इथे कायद्यातील एक बारकावा आहे. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी येणे कलम १७६(३) बंधनकारक करते. पण त्या सकाळी गुन्हा नोंदच झाला नव्हता. फक्त एक मृत्यू होता, आणि त्याचे कारण ठाऊक नव्हते. पथक बोलावण्याची सक्ती उपनिरीक्षकांवर नव्हती. बोलावले आणि काही निघाले नाही तर "साध्या बुडण्याला एवढा बाऊ" असे ऐकावे लागले असते, आणि नव्या अधिकाऱ्याला तशा टोमण्याचे भय असतेच.

त्यांनी हवालदारांना बाजूला घेऊन विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

हवालदार म्हणाले, "सर, मी डॉक्टर नव्हे. पण पालथा सापडलेल्या माणसाची पाठ अशी नसते."

उपनिरीक्षकांनी दुसरी आणि तिसरी वाट एकत्र केली. मृतदेह बांबोळीला रवाना केला, पथकाला बोलावले, ओहळाच्या काठावर दोन शिपाई उभे केले. हाताखालच्या माणसाचे ऐकण्याची तयारी हा तपास अधिकाऱ्याच्या अंगी असायलाच हवा असा गुण, आणि तो या तपासाला अगदी सुरुवातीलाच उपयोगी पडला. मात्र पहारा फक्त काठाला होता. कुळागर, पंपघर आणि भजनाच्या घरापासून येणारी पायवाट मोकळीच राहिली. याची किंमत पुढे दिसते.

त्या वेळी आणखी एक गोष्ट निसटता निसटता वाचली. वाड्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलाने मृतदेह पाण्यात असतानाच मोबाईलवर फोटो काढला होता आणि व्हॉट्सॲपवर पाठवला होता. उपनिरीक्षकांकडे तो चौथ्या-पाचव्या हातून आला. असा फिरून आलेला फोटो आकसलेला असतो आणि तो कधी, कोणत्या उपकरणावर काढला याची आतली नोंद त्यात उरत नाही. त्यांनी त्या मुलाला शोधले, समजावले आणि मूळ फोटो असलेला फोन पंचांसमोर, चित्रीकरण करत ताब्यात घेतला. पालथा देह आणि सकाळची वेळ यांचा एवढाच थेट पुरावा होता.

शवचिकित्सा

शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर अनुभवी होत्या. बुडण्याची लक्षणे त्यांनी एकेक करून पाहिली. बुडणाऱ्याच्या श्वसनमार्गात हवा, पाणी आणि कफ घुसळून बारीक, चिवट फेस तयार होतो. पुसला तरी परत येतो. इथे तो नव्हता. फुप्फुसे पाण्याने फुगलेली नव्हती. हातापायांची कातडी पाण्यात राहून सुरकुतली होती, पण ती मेल्यानंतर पाण्यात पडलेल्याचीही सुरकुतते.

मग त्या नडगीपाशी आल्या. खरचटले असते तर कातडी सोलवटलेली, त्यावर रक्ताचे किंवा लसीचे खपले असते. ही रेषा आडवी होती, फिकट, चामड्यासारखी कडक, मध्ये खोलगट आणि कडांनी किंचित उचललेली. टाचेपासून तिची उंची त्यांनी मोजली, मोजपट्टी ठेवून फोटो घेतले. मग तो कातडीचा तुकडा काढून दोन भागांत जपला: एक फॉर्मॅलिनमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणि दुसरा वेगळा, धातूचे अंश शोधण्यासाठी.

विजेच्या धक्क्याने आलेला मृत्यू ओळखणे शवचिकित्सेत फार अवघड जाते. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह हृदयाची लय बिघडवतो, आणि हृदय कापून पाहिले तरी त्याची खास खूण मिळत नाही. कोरडी कातडी प्रवाहाला मोठा विरोध करते, तिथे उष्णता निर्माण होऊन चटका उमटतो. ओली कातडी सहज वाट देते. विरोध हजार ओहमपर्यंत उतरला तर २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडायला शंभराच्या आसपासचेही पुरतात. म्हणजे पावसात भिजलेला माणूस विजेने मरणे अधिक सोपे, आणि त्याच्या अंगावर खूण न उमटणेही अधिक संभवनीय. या माणसाच्या नडगीवर खूण उमटली हे तपासाचे नशीबच म्हणायचे.

डॉक्टरांना शंका आली. पण त्यांनी "विजेचा धक्का" असे लिहिले नाही. "बुडून मृत्यू" असेही लिहिले नाही. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातील अवयवांचे नमुने), रक्त, नडगीची कातडी, मांडीच्या हाडातील मगज यांचे अहवाल येईपर्यंत मत राखून ठेवत असल्याचे त्यांनी नोंदवले.

मधल्या वेळात ठाण्यातून एकाचा फोन आला. "मॅडम, पाण्यात बुडून एवढं लिहून दिलंत तर घरच्यांना लवकर मोकळं करता येईल." डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की मृतदेह त्या आत्ताच द्यायला तयार आहेत, त्यासाठी अंतिम मत लागत नाही. जे नमुने परत मिळणार नाहीत ते घेऊन झाले होते. मृतदेह सोपवणे आणि कारण ठरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठाण्यातल्या अनेकांना ठाऊक नसते, आणि त्या गोंधळात डॉक्टरवर नको तो दबाव येतो. त्यांनी दार बंद केले नाही, घरच्यांची अडचण ओळखली, आणि कागदावर एक शब्दही वाढवला नाही. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील हा सर्वांत मोलाचा निर्णय.

एक फोन, आणि त्यातला प्रश्न

घटनास्थळाचे पथक दुपारी दीडला पोचले. मध्ये एक जोरदार सर येऊन गेली होती. पथकातील तज्ज्ञ काठापासून सुरुवात करून बाहेर सरकत होत्या, तेव्हा बांबोळीहून डॉक्टरांचा फोन आला.

रीत अशी की डॉक्टर तपास अधिकाऱ्याला लिहितात, अधिकारी प्रयोगशाळेला लिहितात, आणि पत्र पोचेपर्यंत पावसाने जागा धुऊन काढलेली असते. डॉक्टरांनी आधी उपनिरीक्षकांना कळवले आणि त्यांच्या संमतीने थेट तज्ज्ञांशी बोलल्या. या फोनबद्दल आमच्यात मतभेद आहेत. काही सहकारी म्हणतात की एका तज्ज्ञाची शंका दुसऱ्याच्या कानावर गेली की तो तेच शोधू लागतो. हा धोका खरा आहे. पण डॉक्टरांनी विचारले ते असे: "जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर, पायाला आडवं लागेल असं त्या परिसरात काही आहे का? असेल ते आणि नसेल ते, दोन्ही नोंदवा." त्यांनी तार शोधायला सांगितले नाही. विजेचे नावही काढले नाही. खुणेची उंची आणि दिशा तेवढी सांगितली.

तज्ज्ञांनी कक्षा वाढवली. ओहळापासून साधारण चाळीस मीटरवर, कुळागर आणि भातशेताच्या बांधावर, ओल्या मातीत ठरावीक अंतराने भोके होती. नुकत्याच उपटलेल्या खुंट्यांची. एक बांबूची खुंटी मोडून तिथेच राहिली होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला आणि त्यात बोटभर लांबीचा तारेचा तुकडा अडकलेला. जवळच गवताचा पट्टा करपला होता. दुसरी चप्पल गवतात सापडली. आणि भोकांच्या ओळीतच, झुडपाखाली, एक मुंगूस मरून पडले होते.

छायाचित्रकार ते मुंगूस सोडून पुढे निघाला होता; मेलेली जनावरे रानाकडेला असायचीच. तज्ज्ञांनी त्याला थांबवले आणि त्याचे लांबून, मध्यम अंतरावरून आणि जवळून असे तीन टप्प्यांत फोटो घ्यायला लावले. लांबून घेतलेल्या फोटोत भोकांची ओळ, मुंगूस आणि चप्पल एकाच चौकटीत आहेत. न्यायालयात सर्वांत जास्त वेळ जो फोटो पडद्यावर राहिला तो हाच. मुंगूस पशुवैद्यक अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांना तोंडाच्या टोकाशी चटक्याची खूण मिळाली.

पथकाने ओहळाचे पाणीही स्वच्छ बाटलीत भरून घेतले. हे पाणी नसते तर पुढची एक चाचणी निरर्थक ठरली असती.

प्रयोगशाळेत

तपास अधिकाऱ्याच्या पहिल्या पत्रात वाक्य होते: "इसमाचा बुडून मृत्यू झाला असून डायटम चाचणी करून तसा अहवाल द्यावा." जीवशास्त्र विभागाच्या विश्लेषकांनी ते पत्र परत केले आणि प्रश्न म्हणून लिहून मागवले: मगजात डायटम आढळतात का, आढळल्यास सोबतच्या पाण्यातील डायटमशी जुळतात का? दोन दिवस गेले, उपनिरीक्षक वैतागलेही. तरी हा आग्रह योग्यच होता. उत्तर आधीच लिहिलेले पत्र विश्लेषकापुढे ठेवणे न्यायाचे नाही, आणि बचावाच्या वकिलाला ते पत्र आयतेच हाती लागते.

डायटम म्हणजे पाण्यातील सूक्ष्म शैवाल, त्यांचे कवच सिलिकाचे असते. जिवंत माणूस पाण्यात बुडताना ते फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मगजापर्यंत जाऊ शकतात. हृदय थांबलेले असेल तर तिथवर पोचत नाहीत. ओहळाच्या पाण्यात डायटम भरपूर होते, मगजात एकही नव्हता. विश्लेषकांनी अहवालात पुढे लिहिले की डायटम न मिळणे एवढ्यावरून बुडणे नाकारता येत नाही. आपल्याच निष्कर्षाची मर्यादा अशी लिहायला धीर लागतो. पोलिसांना त्या वाक्याचा राग आला होता. उलटतपासणीत त्याच वाक्याने अहवाल टिकला.

विषविश्लेषणात मद्य सापडले, थोडे. कीटकनाशक सापडले नाही. कातडीच्या सूक्ष्म तपासणीत वरच्या थरातील पेशींची केंद्रके लांबट, एका दिशेला ओढल्यासारखी दिसली. हे विजेच्या चटक्यात दिसते, पण साध्या उष्णतेच्या भाजण्यातही दिसू शकते, आणि तसे नमूद केले गेले. दुसऱ्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या मूलद्रव्य तपासणीत लोखंड आणि जस्त मिळाले. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेत हेच दोन धातू असतात.

वीज निरीक्षक, तार आणि मोबाईल

वीज कायदा २००३ खाली विजेच्या अपघाताची चौकशी वीज निरीक्षक करतात. पंपघरातील फळीवर त्यांना एक जादा जोडणी अलीकडेच काढल्याच्या खुणा मिळाल्या: नव्याने सैल झालेले स्क्रू आणि तारेच्या घर्षणाचा ताजा ओरखडा. गळती झाली की प्रवाह तोडणारे उपकरण बसवलेलेच नव्हते. कायदेशीर सौर कुंपण आणि थेट जोडलेली तार यांतील फरक त्यांनी अहवालात साध्या भाषेत समजावला. सौर कुंपणाचे यंत्र सेकंदाला साधारण एक, अगदी क्षणिक झटका देते. जनावर दचकून मागे जाते. थेट जोडलेल्या तारेत प्रवाह सलग असतो, पकड सुटत नाही आणि रानडुक्कर, मुंगूस, माणूस असा भेद तार करत नाही.

पाचव्या दिवशी मालकाच्या कुळागरात काम करणारा मजूर बोलला. पहाटे तीननंतर मालक आणि तो तार बंद करायला गेले तेव्हा हा माणूस बांधावर उताणा पडलेला, थंड झालेला सापडला. दोघांनी त्याला उचलून ओहळात टाकले आणि सकाळी पोलीस काठावर गुंतलेले असताना खुंट्या उपटल्या. मजुराने दाखवलेल्या जागेवरून, बंद पडलेल्या फेणीच्या भाटीच्या छपराखालून, तारेचे भेंडोळे मिळाले.

खुंटीवरचा बोटभर तुकडा त्याच भेंडोळ्याचा आहे का? भौतिक विभागातील तज्ज्ञांनी स्वतःच अट घातली की त्यांना तारा फक्त क्रमांक देऊन द्याव्यात आणि त्यांत बाजारातून आणलेली तशीच दुसरी तारही मिसळावी. कोणती कुठली हे त्यांना तपासणी संपल्यावरच कळले. तुटक्या टोकांवरील पक्कडीचे ओरखडे जुळले.

मोबाईल पाहणाऱ्या तज्ज्ञाकडून सर्वांची फार अपेक्षा होती. मालक आणि मजूर यांच्यात पहाटे तीन ते चार या वेळात तीन कॉल झाले होते हे त्याने दाखवले. पण "दोघे ओहळाजवळ होते असं टॉवरवरून लिहा" या मागणीला त्याने नकार दिला. त्या डोंगराळ भागात एक टॉवर अनेक वाड्यांना पुरतो. मालकाचे घर, कुळागर आणि ओहळ सगळेच त्याच कक्षेत येतात. मुलाच्या मूळ फोटोसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र, फाईलच्या हॅश मूल्यासह (फाईलमध्ये जरा बदल झाला तरी बदलणारा तिचा ओळखक्रमांक), त्याने काळजीपूर्वक तयार केले. तेवढेच त्याचे काम होते आणि ते चोख झाले.

निष्पत्ती

सर्व अहवाल आल्यावर डॉक्टरांनी घटनास्थळाचे फोटो, वीज निरीक्षकांचा अहवाल आणि खुंट्यांची मोजमापे मागवली. राहिलेल्या खुंटीवरील तारेची उंची आणि नडगीवरील रेषेची उंची यांत फरक बोटभराचा होता. त्यानंतरच त्यांनी अंतिम मत दिले: मृत्यू विजेच्या धक्क्याने, आणि शरीर पाण्यात मृत्यूनंतर गेलेले.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली सदोष मनुष्यवध आणि कलम २३८ खाली पुरावा नाहीसा करणे असे आरोप ठेवून दोषारोपपत्र दाखल झाले. खटला सत्र न्यायालयात सुरू आहे. बचावाचे म्हणणे असे की हा फार तर कलम १०६ चा निष्काळजीपणा. तारेने माणूस मरू शकतो याची जाणीव मालकाला होती की नव्हती, यावर आता सगळे अडून आहे. ते ठरवणे न्यायालयाचे काम.

साक्षीत डॉक्टरांना विचारले गेले की ही खूण तापलेल्या सळईनेही होऊ शकते का. त्या म्हणाल्या, "एकटी खूण पाहिली तर हो." वकिलांना तेवढेच हवे होते. पण न्यायाधीशांनी पुढे विचारले तेव्हा त्यांनी जस्त, उंची, पाठीवरचा रंग आणि मुंगसाचा अहवाल एकेक करून सांगितला, आणि त्यातले कोणते त्यांचे स्वतःचे निरीक्षण आणि कोणते दुसऱ्या तज्ज्ञाचे, हेही प्रत्येक वेळी वेगळे केले.

वेगळे काय करता आले असते

पहाऱ्याची कक्षा सर्वांत आधी. मृतदेह सापडला ती जागा आणि मृत्यू घडला ती जागा एकच आहे असे सकाळी गृहीत धरले गेले, तेही पाठीवरचा रंग उलट सांगत असताना. भजनाच्या घरापासून ओहळापर्यंतची पायवाट त्याच वेळी अडवली असती तर खुंट्या आणि तार जागेवर मिळाल्या असत्या. आज बचावाचा मुख्य मुद्दा हाच आहे की सहा तास मोकळ्या राहिलेल्या कुळागरात कोणीही काहीही आणून टाकू शकतो. माणसे कमी होती हे मान्य. तरी एक शिपाई काठावर आणि एक पायवाटेच्या तोंडाशी, एवढी वाटणी शक्य होती.

दुसरे मातीचे. मृताच्या टाचांना लाल माती लागली होती आणि ओहळाचा गाळ काळा आहे. टाचांची माती जपली गेली, पण बांधावरची तुलनेची माती त्या दिवशी घेतली नाही. पंधरा दिवसांनी घेतली, तोवर शेतात नवी भर पडली होती. तुलनेचा नमुना त्याच वेळी घ्यावा लागतो. ओहळाच्या पाण्याच्या बाबतीत पथकाला हे सुचले, मातीच्या बाबतीत निसटले.

कलम १९४ आणि १७६(३) यांच्यामधली फट हा ठाण्याच्या पातळीवरचा प्रश्न नाही. कारण न कळलेला मृत्यू आणि शरीर हलवल्याची शंका, या दोन गोष्टी एकत्र आल्या की पथक बोलवावे, असा स्थायी आदेश वरून निघायला हवा. एका तरुण अधिकाऱ्याच्या धाडसावर हे सोडून चालणार नाही.

आणि घरचे. तपास अधिकारी, डॉक्टर, तज्ज्ञ, निरीक्षक अशी एवढी माणसे या प्रकरणात राबली. मृताच्या पत्नीशी बोलण्याचे काम कोणाकडेच दिलेले नव्हते. अंतिम मत येईपर्यंत ती वाड्यावर "दारू पिऊन बुडाला" हेच ऐकत राहिली, आणि खरे काय ते तिला वर्तमानपत्रातून कळले. गुप्तता राखूनही "कारण अजून ठरलेले नाही, बुडाला असे आम्ही म्हटलेले नाही" एवढे तिला पहिल्याच आठवड्यात सांगता आले असते. हवालदार मला म्हणाले की आता अशा प्रत्येक प्रकरणात ते स्वतः घरी जाऊन तेवढे सांगून येतात. पथकाच्या कामाच्या वाटणीत हे काम अजून कुठे लिहिलेले नाही.